निळं ॲप आणि उंबराखालची रेंज

उंबरवाडी, पो. कळंब, ता. कर्जत
११ जानेवारी

तीर्थरूप लडकूमामा यांस,

रोहिणीचा वाकून नमस्कार. इकडे आई, आजी आणि शेळ्या खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? हॉटेलच्या स्वयंपाकघरातल्या गरम हवेतून तुम्ही तसेच बाहेर माथेरानच्या थंडीत येता, कानाला काही बांधत नाही, असं आई सांगते. बांधत जा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते खाली लिहिलं आहे. आधी आमच्या ॲपची हकीकत सांगते. तुम्ही पाणी समितीच्या ग्रुपमध्ये असलात तरी वर डोंगरावर असल्यामुळे तुम्हाला निरोप तेवढे कळले, भानगडी कळल्या नाहीत.

झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर रिसॉर्टने तारेचं कुंपण घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आपण मोजणीचा अर्ज केला. मोजणीची तारीख आली आणि मी ती ग्रुपवर टाकली. आदल्या दिवशी तार आपोआप दहा हात मागे सरकली, मोजणीवाले वाट मोकळी पाहून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तार पुन्हा पुढे आली. (आपल्याकडे शेळीसुद्धा इतकी शहाणी नाही.) तारीख ग्रुपबाहेर कोणालाच माहीत नव्हती. तेव्हा ॲपमधूनच बातमी फुटते आहे, असं मी ठरवून टाकलं. घरात पहिली पदवी माझी. तिचा वाडीला काही उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून मी वही घेऊन अभ्यासाला बसले.

अभ्यासात असं निघालं की सगळ्यांकडे असलेल्या हिरव्या ॲपमध्येही निरोप कुलूपबंदच जातो. फक्त कोण कोणाशी कधी बोललं, ही माहिती कंपनीकडे राहते. निळं ॲप तेवढीही ठेवत नाही, पण ते आपल्याकडे एकाच्याही फोनमध्ये नव्हतं. तिसरं एक फारच चांगलं होतं. त्याला फोन नंबरसुद्धा लागत नाही. पण त्यासाठी दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या फोनवरच्या क्यूआर चौकटीचा फोटो काढावा लागतो. मी ते मोतीबाईंना समजावून सांगितलं. (मोतीबाई म्हणजे आपल्या पाणी समितीच्या अध्यक्ष, हे तुम्हाला सांगायला नको, पण पत्रात लिहिलेलं बरं.) त्या म्हणाल्या, "समोर बसलोच हाय तर तोंडानं सांग की गं!" मी तिसरं ॲप वहीतून खोडलं.

निळ्या ॲपवर बावीस जणांना नेण्यात पंधरा दिवस गेले. मोतीबाईंचा फोन शुभ सकाळच्या गुलाबांनी भरलेला होता. त्यांनी एकेक गुलाब पाहून, कोणी पाठवला ते आठवून, मग पुसायला परवानगी दिली. काहींचं सिम जावयाच्या नावावर, जावई खालापूरला कंपनीत, आणि नोंदणीचा आकडा त्याच्या फोनवर. तो जेवणाच्या सुट्टीत आकडा सांगायचा तोवर आकडा शिळा झालेला असायचा. पिन निवडताना मी फळ्यावर उदाहरण म्हणून १२३४ लिहिलं. बावीसही जणांनी तोच पिन ठेवला. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं म्हणजे तेच उत्तर, असं त्यांचं म्हणणं.

मग मी नियम केले. निरोप चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातील. अनोळखी नंबरवरून कोणी ग्रुपमधलं काही मागितलं तर द्यायचं नाही. आवाज ओळखीचा वाटला तरी नाही, कारण हल्ली आवाजाचीही नक्कल होते. हे नियम अक्षरशः पाळणारे बावीसांत तुम्ही एकटेच, मामा. मला तुमचा फार अभिमान वाटतो. (वाटत होता. त्याबद्दल खाली.)

इतकं करूनही बातमी फुटतच राहिली. शेवटी एका दुपारी मी रेंजसाठी उंबराखाली गेले. वाडीत रेंज फक्त तिथेच येते, आणि कुंपण घातल्यापासून रिसॉर्टच्या पहारेकऱ्याची, गजाची, केबिन उंबराला लागूनच आहे. आपल्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही, म्हणून सगळे निरोप आवाजी. मोतीबाई फोन हातात आडवा धरून पूर्ण आवाजात माझा निरोप ऐकत होत्या. केबिनमधून गजा म्हणाला, "मोतीबाय, परत लाव गं, तारीख नीट ऐकू नाय आली." आणि मोतीबाईंनी परत लावला! वर त्याला म्हणाल्या, "कान धुवून ये रं जरा."

पंधरा दिवसांचा माझा अभ्यास उंबराखाली संपला. मी कर्जतहून मोतीबाईंना इअरफोन आणून दिले. ते घातल्यावर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या निरोपातलं प्रत्येक वाक्य ऐकून पाठोपाठ स्वतः मोठ्याने म्हणू लागल्या. गजाला पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागलं.

पुढचं मला तत्त्व म्हणून मान्य नव्हतं, हे नोंदवून ठेवते. मोतीबाईंनी मला न विचारता उंबराखाली उभं राहून ग्रुपवर निरोप सोडला की मोजणीवाले शनिवारी पुन्हा येणार. कोणीही येणार नव्हतं. शुक्रवारी, २६ डिसेंबरला, रिसॉर्टची माणसं खांब उपटून मागे नेत असताना ग्रुपमधल्या कमळ्याने करवंदीच्या जाळीतून सहा फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. आपल्याच ग्रुपवर आपणच खोटं बोलायचं, हे मला पटत नाही. मोतीबाईंना मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग खरं बोलून वाट गेलीच ना गं." आता मी असं ठरवलं आहे की फोटो आणि कागद निळ्या ॲपवर ठेवायचे, आणि तारखा घरोघर चालत जाऊन सांगायच्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते फोटो दाखवून वाटेचा ठराव मांडायचा आहे. या वेळी तो झाला नाही, तर रिसॉर्ट तिथे पक्की भिंत घालणार आहे.

मामींना नमस्कार, लहानग्यांना गोड पापा.

तुमची भाची,
रोहिणी

ता. क. : खरं काम हे. पाच तारखेला पाणी भरताना माझा फोन सिमसकट झऱ्याच्या खडकांत गेला. बाकीच्यांनी फोन भरला म्हणून फोटो पुसून टाकले, कमळ्यानेसुद्धा. आता ते फक्त तुमच्या फोनमध्ये आहेत, आणि माझ्याच नियमाने २३ तारखेला तिथूनही जातील. कृपा करून पत्र मिळाल्याबरोबर हॉटेलातल्या कोणाकडून तरी ते सहाही फोटो गॅलरीत उतरवून घ्या आणि फोन घेऊन २५ ला खाली या.

ता. क. दुसरा : गजाच्या कानावर जाऊ नये म्हणून कर्जतला जाऊन, नव्या नंबरवरून तुम्हाला तीन वेळा फोन करणारी मीच होते. आईने हातात फोन घेतला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बायचा आवाज तर हुबेहूब काढलाय!" ती खरीच आई होती. आपला भाऊ आपल्याला ओळखत नाही म्हणून ती दोन दिवस नीट जेवलेली नाही.

ता. क. तिसरा : शेवटच्या फोनला तुम्ही विचारलंत, "रोहिणी असशील तर सांग, बारावीच्या साली तुला काय झालं होतं?" मी म्हटलं, कावीळ. तुम्ही म्हणालात, "ते तर अख्ख्या वाडीला ठाऊक हाय," आणि माझा नवा नंबर ब्लॉक करून टाकलात. मामा, फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसली होती. खरं उत्तर लिहिते : इंग्रजी, अठ्ठावीस मार्क. पत्र कोणाकडून वाचून घेत असाल, तर त्यालाही सांगा, की कावीळ होती.