धाड आणि हाड

बाबा,

मागच्या सोमवारी सकाळी मी देवळात ठेवायचा नारळ सोलला, शेंडी नीट राखली आणि तो मांडीवर घेऊन मागच्या पडवीत तसाच बसून राहिलो. शेजारी ठेवलेला चहा निवून गेला. तुमच्या नातीसाठी गाऱ्हाणं घालायचं होतं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता पदार्थविज्ञानात पीएच.डी. करायला जर्मनीला निघाली होती. देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान तुमच्यामागे काकांकडे होता, त्यांचा आवाज बसला तसा माझ्याकडे आला. शब्द तुमचेच आहेत. मुंबईला, बोटीवर, आखातात जाणाऱ्या प्रत्येकासाठी मी तेच म्हणतो, 'तेका सुखरूप धाड, सुखरूप परत हाड', आणि मागे उभे असलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या सकाळी मात्र 'हाड', म्हणजे तिला परत आण, हा शेवटचा शब्द माझ्या तोंडून निघेल असं वाटेना.

मी कणकवलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दर वर्षी सांगतो की पदार्थविज्ञान असो की अर्थशास्त्र, पुढे संशोधन करायचं तर चांगल्या ठिकाणी फी भरावी लागत नाही, उलट दरमहा खर्चाला पैसे मिळतात. ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्यांचं लिखाण आधी वाचा, मग त्यांना लिहा, परीक्षेला घाबरू नका. मुलं ऐकून घेतात. मग व्हरांड्यात एखादा हळूच विचारतो, "सर, पण ह्याच्यात मेख खंय आसा?" शिकायला कोणी पैसे देतं यावर आपल्याकडे विश्वासच बसत नाही. काकांचाही बसला नाही. "शिकूक पैशे देतत? मगे ती नोकरीच," ते तिला म्हणाले. "शिकणां हीच नोकरी, आजोबा." "आणि थंय करतलंस काय?" "अणू थंड करतलंय. इतके थंड, की ते जवळजवळ थांबतत." काकांनी जरा विचार केला. "तेका जर्मनी कित्याक होई? देवगडाक बर्फाचो कारखानो आसा." आम्ही सगळे हसलो. "बरां, डाक्टर झालंस की पयलो माझो गुडघो बघ," ते म्हणाले, आणि तिनेही समजावत न बसता "बघतंय" म्हणून टाकलं.

मेख आहे, ती मी वर्गात सांगत नाही. अणू थंड करणारी प्रयोगशाळा कणकवलीत नाही, मालवणातही नाही. ते काम जो खरंच शिकेल त्याने परत येऊन इथे काय करायचं? मी तिला ही वाट दाखवली, अर्ज वाचून दिले, आणि निवड झाल्याचं तिने सांगितलं तेव्हा पेढे आणायच्या निमित्ताने घराबाहेर पडलो.

मला दिल्लीत संशोधनासाठी फेलोशिप मिळाली तेव्हाचं तुमचं गाऱ्हाणं अजून कानात आहे. 'धाड' तुम्ही साध्या आवाजात म्हणता आणि 'परत हाड'ला तुमचा आवाज असा चढतो की खांबावरची पाल हलते. होस्टेलवर माझ्या खोलीतल्या नागपूरच्या मित्राला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. धाड म्हणजे दरोडा, आणि हाड आम्ही कुत्र्याला म्हणतो, म्हणाला. मीही हसलो. दुसऱ्या वर्षी आंबे उतरवताना तुम्ही कलमावरून पडलात. मी घरी पोचतो तेव्हा तुम्ही चुलीपाशी चटईवर आडवे आहात, आई चमच्याने पेज भरवते आहे. मला दारात बघून तुम्ही म्हणता, "कित्याक इलंस?" आई चमचा खाली ठेवते. "तुमीच मां मागलात देवाकडे?" तुम्ही भिंतीकडे तोंड वळवता. त्यानंतर या विषयावर आपण कधी बोललो नाही. तुमचं अंथरूण सुटलं नाही, आणि मी दिल्लीला परत गेलो नाही.

मी त्याचं दुःख करत बसलेलो नाही. कलमं, कॉलेज, ही मुलगी, सगळं परत आल्यामुळेच मिळालं. पण देव ऐकतो असं मी मानतो, आणि म्हणूनच मला एक प्रश्न सोडत नाही. त्याने तुमचं मागणं पुरं केलं ते तुम्हाला पाडून तर नाही? दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवतो. देवळात ते माझ्या उपयोगी पडत नाही. मी 'परत हाड' म्हणेन, आणि तो तिला आणेल. पण कशाने आणेल?

शेवटी उठलो. देवळात काका होते, दोघे मानकरी गावकर होते, ती मागे खांबाशी उभी होती. मी तुमच्या जागेवर उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, आज ह्यां लेकरू शिकूक परमुलखात जाता. तेचो नारळ मान्य करून घे. तेका सुखरूप धाड." "व्हय म्हाराजा." मी थांबलो. काकांना वाटलं विसरलो. "परत हाड म्हण रे," ते पुटपुटले. मी म्हणालो, "आणि जंय रवात, थंय तेका सांभाळ." कोणी होकार देईना. असं गाऱ्हाणं त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मग काकांनीच, त्या बसलेल्या आवाजात, एकट्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि मागून बाकीच्यांनी. बाहेर चपला घालताना ते मला म्हणाले, "देवाकडे मागताना हात आखडतंस कित्याक?" "हात आखडूक नाय, काका. भियालंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझा खांदा धरून ते पायरी उतरले. आई ते म्हणाली तेव्हा तुमच्या चटईजवळ तेही बसलेले होते.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. देवाकरवी पाठवता आलं असतं, पण त्याच्याकडे आणखी काही मागायची सध्या हिंमत होत नाही.

एवढं मात्र सांगतो. काल कणकवली स्टेशनवर तिला गाडीत बसवलं, तिची आई मुंबईपर्यंत सोबत गेली. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत मी म्हणालो, "परत ये गो." देवाला सांगायचं टाळलं ते तिला सांगितलं. तिला निदान नाही म्हणता येतं.

"येतंय हां, बाबा," ती म्हणाली. निघताना आपल्याकडे सगळेच असं म्हणतात.