साठ लिटरची सॅक

३ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
ठरलं. जायचं.
आकारामचा उंब्रजहून फोन. जानेवारीत मिलिटरीतून रिटायर झाला, तेव्हापासून एकच विषय. हिमाचलमध्ये ज्या चौकीवर त्याची पहिली पोस्टिंग होती ती आता रिकामी पडलीय, तिथं एकदा जाऊन यायचं. चार दिवसांची चाल. निघायचं अकरा मेला. तो, त्याची बायको राणी आणि मी. म्हणाला, "धैर्या, तिकीट काढू का, का परत मोजपट्टीचं कारण सांगशील?"
वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं भरतीला गेलो होतो. त्याला घेतलं. माझी छाती दोन सेंटिमीटर कमी भरली. पट्टी जुनी होऊन ताणली गेली होती. मी तेव्हाच सांगितलं होतं.
या वेळी कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही. पहिलं काम सॅक. सॅक बरोबर असली की बाकीचं आपोआप होतं.

६ मार्च
अठरा व्हिडिओ पाहिले. पंचेचाळीस लिटर की साठ, हा मूळ प्रश्न. बायको, अंकिता, म्हणाली, "आवं, चालायला कवा सुरुवात करणार?" तिला समजावलं की पाठीवर ओझं नसताना चालणं म्हणजे नुसतं फिरणं. पटलं नाही. दिवसभर शाळेत शिकवते, त्यामुळे ऐकून घ्यायची सवय नाही. उद्यापासून स्वतःच पहाटे शेतापर्यंत चालत जाणार म्हणे. आष्ट्याच्या सपाट रस्त्यावर. काय उपयोग?

१० मार्च, रविवार
सांगली. बॅगांचं दुकान. कुपवाडच्या कारखान्यात सोळा वर्षं क्वालिटीत आहे, माल तपासल्याशिवाय मी पुढे सोडत नाही. एका सॅकची चेन चाळीस वेळा उघडली-लावली. एकेचाळिसाव्या वेळी हातात आली. दुकानदार म्हणाला, "सायेब, घेनार हाय का नुसतीच हाणनार हाय?" खरं तर त्याने माझे आभार मानायला हवे होते. दुसरी सॅक त्याने काउंटरवर काढलीच नाही.

१७ मार्च, रविवार
सातारा. ट्रेकिंगच्या सामानाचं खास दुकान. तिथल्या पोरीने टेप लावून माझी पाठ मोजली. पाठ मीडियम निघाली. मग कमरेचा पट्टा बांधायला गेली, तो पोचेना. म्हणाली, "काका, श्वास सोडा." मी सोडला होता.
या कंपन्या भारतीय शरीराचा अभ्यासच करत नाहीत. आणि काका कशाला? फार तर दादा.
परत येताना महामार्गावर भेळ. प्रवासात ताकद लागते.

२६ मार्च
ऑनलाइन मागवलेली सॅक आली. पन्नास लिटर. 'अत्यंत टिकाऊ' असं लिहिलंय. लिहायला काय जातं? कारखान्यात नेली, शिफ्ट संपल्यावर तीस किलो लोखंडी कास्टिंग भरलं आणि क्रेनला लटकवली. वीस मिनिटं टिकली. मग वरचा बंद तुटला आणि कास्टिंग थेट आमचे मॅनेजर ऋषिराज साहेब यांच्या केबिनच्या दारात.
साहेब लय बोलले. सॅक परत पाठवायला गेलो, तर सॅकच्या कंपनीनेही कारण विचारलं. 'क्रेन टेस्टमध्ये नापास' असं प्रामाणिकपणे लिहिलं. रिटर्न नामंजूर.
प्रामाणिक माणसाचा जमाना राहिला नाही.

७ एप्रिल
मिळाली! साठ लिटर. राखाडी. पाठीला हवा लागते, पावसाचं कव्हर, शिट्टीसुद्धा आहे. बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, आत थेंब नाही. कमरेच्या पट्ट्याला अर्जुना चांभाराकडून जोड लावून घेतला. लढाई नव्वद टक्के जिंकली.
अंकिता रोज सात किलोमीटर चालते. आता चढ पाहिजे म्हणून पाण्याच्या टाकीच्या पायऱ्याही चढते. कशासाठी, तिचं तिला माहीत.

१४ एप्रिल, रविवार
दंडोबाच्या डोंगरावर ट्रायल. पाठीवर चौदा किलो. आकारामकडे मिलिटरीतला जुना पिठ्ठू, रंग गेलेला, एक बंद सुतळीने बांधलेला. बघून वाईट वाटलं.
पट्टे सेट करायला मला नऊ वेळा थांबावं लागलं. पट्टे सेट झाले की दम लागलेला असायचा, हे वेगळं. निम्म्या वाटेत आकारामने माझी सॅक पुढे छातीवर घेतली, पाठीवर त्याचा पिठ्ठू होताच, आणि तसाच वर गेला. गुडघा दुखतो त्याचा, तरी.
वर बसल्यावर म्हणाला, "सॅक चांगली हाय रं. आता तू चाल." मग गुडघा चोळत बसला. चौकीवर पोचायचं म्हणजे याच्या दहापट चढ, म्हणाला. "मला तिथं एकट्यानं उभं ऱ्हायचं न्हाई, गड्या."
मी शब्द दिला. उद्या पहाटे पाचपासून, रोज दहा किलोमीटर.

१५ एप्रिल
पाय दुखतात. रिकव्हरी महत्त्वाची, सगळे व्हिडिओ हेच सांगतात.

२३ एप्रिल
रिकव्हरी चालू.

२ मे
शेजारच्या शालूबाईंना दाखवत होतो, जमिनीवरची भरलेली सॅक एका झटक्यात पाठीवर कशी घ्यायची. झटका बसला. सॅक जमिनीवरच.
डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे झोपून राहा. पाठीत उसण भरलीय, वजन उचलायचं नाव काढू नका. त्यांना सांगितलं, सॅक वीस किलोला तपासलेली आहे. ते म्हणाले, "आणि पाठ?"
पाठीला असलं सर्टिफिकेट कुणी देत नाही. ही सिस्टिमचीच चूक.

८ मे
आकाराम आणि राणी भेटायला आले. मला वाटलं, तो ट्रिप पुढे ढकलतो म्हणेल. मी नाही नाही म्हणायची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "तुजं तिकीट घरच्या मानसाच्या नावावर करता येतंय. आजच्या आज अर्ज द्यावा लागंल."
कोण जाणार, असं मी हसत विचारलं. अंकिता चहाचे कप घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मी जाते की. शाळेला सुट्टीच हाय."
कुणीच हसलं नाही. राणी तर तिचे बूट बघायला उठली.

१० मे
माझी सॅक तिने पलंगावर ओतली. सामानातलं अर्ध्याहून जास्त बाहेर काढलं. दोन टॉर्च, घडीची कुऱ्हाड, प्रेशर कुकर. पट्ट्याला लावलेला जोड उसवून टाकला. तिच्या कमरेला मूळचा पट्टा बरोबर बसला.
मी पडल्या पडल्या सूचना दिल्या. तिने पाठीवर घेतली आणि आरशात एकदा बघितलं. तिच्या तोंडावरचा तो आनंद मला बघवेना. कूस बदलली. कळ आली.

१८ मे, दुपारी
अंकिताचा फोन आला. पोचले. चौकी म्हणजे आता दगडाच्या चार भिंती, वर पत्रा नाही. आकाराम तिथं ताठ उभा राहिला आणि मग मटकन खाली बसून पोरासारखा रडला. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला अंकिता, बराच वेळ. हे तिने हळू आवाजात सांगितलं.
मी सॅक कशी वाटली, असं विचारलं.
म्हणाली, "सॅक व्हय? सॅक सॅकसारखी."
मग म्हणाली, पुढच्या वर्षी याहून उंच जायचंय, तारीखसुद्धा काढलीय. आकाराम, राणी आणि ती. तिघांचं ठरलंय.
रेंज नव्हती, नीट ऐकू आलं नाही, असं लिहिणार होतो.
आवाज स्वच्छ येत होता.