फाटका मोजा

दादा,

तू कंपनीचा वकील, आणि तूच मला इथे चिकटवलंस, हे मान्य. म्हणून उद्या चौकशी समितीपुढे तू पढवलेलं पोपटासारखं बोलेन, असं समजू नकोस.

आमच्या गेममध्ये पोरं पैसे भरून बंद पेटी उघडतात. हवी असते सोनेरी तलवार, निघतो फाटका मोजा. तो मोजा मी काढते. मोडका चमचा, दात पडलेला कंगवा, सगळी चित्रं माझीच. पेटी रिकामी निघाली तर कायदा त्याला जुगार म्हणेल. काहीतरी निघालं की ती खरेदी, ही शक्कल तुझी. "साक्षीत एवढंच सांग, मोजासुद्धा कलाच आहे," म्हणालास. अरे, तो मोजा मी चहा निवायच्या आत काढलाय!

लहानपणी डब्यात चिठ्ठ्या घालून तू गल्लीतल्या पोरांच्या गोट्या लुबाडायचास. कोणी रडलं की त्याच्या हातावर तुटकं बटण ठेवायचास, "घे, रिकाम्या हाताने नाही ना गेलास?" आईने तुझा कान पिरगाळून सगळ्या गोट्या परत करायला लावल्या होत्या. बटणं मी पुरवायचे, म्हणून माझाही.

नोकरी गेली तर खुशाल जाऊ दे. बोलणं टाकायचं तर टाक. हे पत्र मात्र पाठवत नाही, नाहीतर तू माझं नावच साक्षीदारांतून काढशील. उद्या तू सगळ्यांसमोर ऐटीत विचारशील, "पेटीतून प्रत्येकाला काहीतरी मिळतंच ना?"

मी म्हणेन, "मिळतं ना. बटण."

तुझीच,
धाकटी