बाबांच्या मुक्कामाची सोय

१२ एप्रिल, शनिवार

ट्रेलर आला एकदाचा. वीस फुटी, काळा, गॅरेजशेजारी उभा. रेवा त्याच्याभोवती फिरून फिरून बघत होती, नितीन लांबूनच. "यावर घर?" म्हणाला. बायको आणि मुलगी दोघी मिळून ठरवतात तेव्हा नितीनचा जो आवाज होतो, त्या आवाजात.

संध्याकाळी, म्हणजे सांगलीच्या सकाळी, बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीबाहेर धरला. "काय गं हे? बैलगाडी घेतलीस?" म्हटलं, तुमची खोली आहे. हसले. मग नेहमीचंच. "मुलीच्या घरी जाऊन राहणं बरं दिसत नाही, शुभा."

मी पुण्यात होते तेव्हाही तेच. यायचे, जेवायचे, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. रात्रीचा मुक्काम एकदाही केला नाही. आई गेल्यापासून एकटे राहतात. मी एकुलती एक. अमेरिकेचा व्हिसा काढून दिलाय, पासपोर्ट कपाटात आहे, माणूस काही हलत नाही.

मुलीच्या घरी नको ना? मग तुमचं वेगळं घर बांधते. बघू कुठे पळता.

२० एप्रिल, रविवार

तळाची फ्रेम झाली. मुकादम रेवा. कॉलेज सोडून इलेक्ट्रिशियन झाली तेव्हा मी आठवडाभर बोलले नव्हते तिच्याशी. आज ती लेव्हल धरून म्हणते, "आई, पुश. नो, युअर अदर लेफ्ट." मी गपचूप पुश.

पाया घालून खोली बांधायची तर परवानग्यांतच वर्ष जाईल, असं तिचंच म्हणणं. चाकांवरची लवकर होईल. बाबा एकोणऐंशीचे, मला घाईच आहे. व्हिसावर त्यांना सहा महिन्यांच्या वर राहता येणार नाही हेही माहीत आहे. सहा तर सहा. सहा महिने बाबा सकाळी खोकताना मला ऐकू येतील.

नि.नं स्क्रू गननं स्वतःची बाही फळीला ठोकून घेतली. शर्ट फाडून सोडवला. दिवसभर हसलो.

४ मे, रविवार

आज भांडण. म्हणजे मजेचं, पण भांडण.

मी म्हटलं, बाबा, कायद्यानं हे घर नाहीच. वाहन आहे. नंबर प्लेट आहे त्याला. मुलीच्या गाडीत बसता ना? मग यातही बसा.

"गाडीत बसणं वेगळं, गाडीत झोपणं वेगळं."

"रात्रीच्या बसमध्ये झोपत नव्हतात?"

"तिकीट काढून झोपत होतो."

चाळीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेला माणूस. वादात हरणार नाही, तिकडून उठून जाईल. पण आज उठले नाहीत, बोलत बसले. फोन ठेवल्यावर मला उगाच रडू आलं. नि.नं विचारलं काय झालं, म्हटलं कांदा. हातात कांदा नव्हता.

१७ मे, शनिवार

भिंतींचे सांगाडे उभे. पाऊस चालूच, वर ताडपत्री, आत आम्ही तिघं ओल्या मांजरांसारखे.

बाबांना दाखवलं. पहिलाच प्रश्न, "दक्षिण कुठे?" रेवानं फोनवर होकायंत्र काढलं. मोठी खिडकी उत्तरेला निघाली. झालं! मास्तर सुरू. तुमच्या अक्षांशावर सूर्य कायम दक्षिणेकडून जातो, हिवाळ्यात तर जेमतेम झाडांवर येतो, मग उत्तरेला खिडकी ठेवून काय अंधार बघायचाय का वगैरे.

रेवा म्हणाली, "आजोबा, नो प्रॉब्लेम." मैत्रिणीचा पिकअप आणला, ट्रेलर ओढून बाहेर काढला आणि उलटा करून परत लावला. मी फोन धरून. बाबा असे हसायला लागले की ठसका लागला. "घर फिरवलंत? अगं, घर फिरवलंत!"

किती दिवसांनी असे हसले. आई असताना हसायचे तसे.

८ जून, रविवार

आतल्या फळ्या मारल्या. फळीची उंची ठरवायला मीच बाबा झाले. टाचा उंच करून हात वर केला. बाबांचा हात इथवर येतो. आमच्या स्वयंपाकघरात लाडवाचा डबा सगळ्यात वर असायचा आणि तो फक्त बाबांनाच पोचायचा. रेवा म्हणाली, "आर यू शुअर?" म्हटलं, माझ्या बापाची उंची मला विचारतेस?

खुंट्याही तिथेच मारल्या. एक शर्टाला, एक टोपीला, एक पिशवीला. पिशवीशिवाय बाबा म्हणजे बाबाच नव्हेत. रिकाम्या खुंट्यांकडे बघत बराच वेळ उभी राहिले. नि. चहा घेऊन आला आणि कप फळीवर ठेवून गेला. चांगला आहे तसा.

२९ जून, रविवार

मुल्लाणी काकांचा फोन. बाबांच्या शेजारचे, रोज संध्याकाळी दोघं एकत्र बसतात. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "बेटा, सरांनी सांगू नको म्हटलंय, पण मला राहवत नाही." मे महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही. पण तेव्हापासून कमरेत वाकलेत, काठी धरून चालतात, पायरी चढताना काका हात देतात.

मे महिन्यात. म्हणजे दक्षिण कुठे विचारत होते तेव्हा.

लगेच कॉल लावला. नेहमीसारखे खुर्चीत, नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट. म्हटलं, उभे राहा बाबा.

"कशाला?"

"राहा म्हणते ना."

टेबलाला धरून उठले. किती वेळ लागला. उठून उभे राहिले तरी पूर्ण उभे नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं समाधान?"

खूप बोलले मी. नको ते बोलले. इतके दिवस बसलेल्या बापाशी गप्पा मारत होते आणि मनातल्या उभ्या बापासाठी घर बांधत होते. मला कळलंच नाही, मी कसली मुलगी! ते शांतपणे म्हणाले, "तुला तिथून काय करता आलं असतं? जीव टांगणीला लागला असता, एवढंच."

तो आधीच लागलेला आहे म्हटलं.

६ जुलै, रविवार

सगळ्या फळ्या काढल्या. खुंट्या काढल्या. भोकं बुजवली. रेवा एका शब्दानं "आय टोल्ड यू" म्हणाली नाही. खरं तर तिला म्हणता आलं असतं. परत मारताना नि.ला कमरेत वाकवून उभा केला आणि त्याच्या हातानं मापं घेतली. तो पठ्ठ्या अर्धा तास तसाच वाकून. नंतर सरळच होईना.

ट्रेलर जमिनीपासून उंच. तीन पायऱ्यांची शिडी केली होती, मोठ्या हौसेनं पॉलिश मारलेली. ती मोडीत. आता लांब उतार करायचा, दोन्ही बाजूंना कठडा. नि. म्हणाला, हे मी करतो, कुणी मधे पडू नका.

२६ जुलै, शनिवार

नि.चा उतार झाला. तीन शनिवार लागले. पण काय सुंदर केलाय! कठडा हाताला गुळगुळीत, कुठे कुसळ टोचणार नाही. सव्वीस वर्षांत या माणसानं घरात धड खिळा मारलेला नाही.

बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही. "तो उतार कशाला?"

"सामान चढवायला."

"कुठलं सामान?"

नि. मागून ओरडला, "बाबा, माझे गुडघे गेलेत. माझ्यासाठी आहे." बाबा म्हणाले, "अरे, या वयात? मेथीचे लाडू खात जा." आणि पुढे नि.च्या गुडघ्यांवरच बोलत राहिले. जावयाची काळजी करायला मिळाली म्हणून खुशीत.

१७ ऑगस्ट, रविवार

ओटा. बाबांचा हुकूम: कडप्प्याचा हवा. लाकडी ओटा म्हणजे काय ओटा? रेवाला कडप्पा म्हणजे काय तेच माहीत नाही. फोटो दाखवला. "आजोबा, टू हेवी. व्हील्स, रिमेंबर?" मग तिघांत तह झाला. गॅसशेजारी काळ्या दगडाचा एक तुकडा, बाकी लाकूड.

बोलता बोलता म्हणाले, "माझ्या खोलीत घड्याळ कुठे लावणार?"

माझ्या खोलीत.

नि.नं आणि मी एकमेकांकडे बघितलं. रेवानं साधेपणानं विचारलं, "व्हेअर डू यू वॉन्ट इट, आजोबा?" "पलंगावरून दिसेल असं." बस. आता काही बोललं तर शब्द परत घेतील.

१३ सप्टेंबर, शनिवार

झालं घर. पलंग, गादी, ओटा, छोटं न्हाणीघर, त्यात जागोजागी धरायला दांड्या. वायरिंग सगळं रेवाचं. दिव्याची बटणं पलंगावरून हात पोचेल अशी.

विचारलं, कधी येताय? "बघू. पावसाळा संपू दे."

तिथला की इथला, विचारलं. हसण्यावारी नेलं.

काल मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, खोली भाड्यानं देणार का? चांगले पैसे मिळतील म्हणे. चांगलीच भडकले. घरी आल्यावर नि. म्हणाला, त्यांचं काय चुकलं, रिकामीच आहे ना. बरोबर आहे. रिकामीच आहे. त्याचाच राग आला.

२८ सप्टेंबर, रविवार

रोज सकाळचा चहा तिथेच घेते. ऑफिसच्या आधी थोडा वेळ. खुर्चीत नाही बसत, ती बाबांची. पलंगाच्या कडेला बसते. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतं, मास्तरांनी सांगितलं तसंच. लाकडाचा वास अजून ताजा. आमच्या घरी खूप माणसं येतात-जातात, पार्ट्या होतात, पण "शुभे, चहात साखर कमी पडली" म्हणणारं कुणी नाही. तेवढंच हवंय मला. दुसरं काही नको.

बाबांना आज स्पष्ट विचारलं. नाही म्हणायचं असेल तर एकदाच नाही म्हणा, मी बांधत बसणार नाही. म्हणाले, "तुझ्या आईला मी तिथं पाठवलं नाही. रेवाच्या वेळी. एकटी कशी जाईल म्हणून. तिनं शेवटपर्यंत बोलून दाखवलं नाही. आता मी एकटा येऊन त्या उन्हात बसू?"

म्हटलं, बसा. तिच्या वाटचंही बसा. रडत म्हटलं, त्यामुळे किती ऐकू गेलं कोण जाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

नि.च्या ऑफिसातल्या एका मुलाचे आई-वडील सांगलीहून आले, दिवाळीला. त्यांच्याबरोबर बाबांनी काहीतरी पाठवलंय. आणायला गेलो. वडील सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले, आई सुनेच्या स्वयंपाकघरात डबे हुडकत होती. मुलगा कंटाळलेला! मी त्याला मनातल्या मनात दोन लावल्या. त्याचे आई-बाबा आले. माझं पार्सल आलं.

गाडीत बसल्या बसल्या उघडलं. चिवडा, मेथीचे लाडू जावयाच्या गुडघ्यांसाठी, आणि जाड फडक्यात गुंडाळलेलं कडी-कोयंडा आणि पितळी कुलूप. तळहाताएवढं, जड, उघडं. बाबांचा विश्वास नाही अमेरिकन लॅचवर.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळभर रेवानं कडी-कोयंडा बसवला. नवीन दारावर विचित्र दिसतो. मला फार आवडला. आत शेवटची आवराआवर चालली होती, तेवढ्यात बाबांचा कॉल. सगळे बाहेर उतारावर आलो.

"बसलं का? लावून बघ. दाबलं की लागतं."

दार ओढलं, कुलूप अडकवलं, दाबलं. खट्ट. काय आवाज आहे!

"ओढून बघ."

ओढलं. हललं नाही. "मस्त बसलं, बाबा. किल्ली कुठेय? पार्सलमध्ये दिसली नाही."

"नसणारच. माझ्या खिशात आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"अहो, मग आम्ही आत कसं जायचं?"

"तुम्हाला कशाला जायचंय आत? खोली माझी आहे ना?"

नि. तोंड दाबून हसत होता. रेवाला कळायला जरा वेळ लागला, मग "ओ माय गॉड, आजोबा!" मला हसावं की रडावं ते कळेना, दोन्ही झालं. विचारलं, मग उघडायला कधी येताय? काठी उचलल्याचा आवाज आला. "कंबर काय म्हणते ते बघतो," म्हणाले, आणि ठेवला फोन.

नाही म्हणाले नाहीत. येतोही म्हणाले नाहीत.

रेवा म्हणाली, कटर आहे गाडीत, दोन मिनिटांत तोडते. म्हटलं, हात लावून बघ त्याला.

खिडकीतून बघितलं तर आतला दिवा चालू राहिलाय. आणि नि.चा चष्मा आत ओट्यावर. बिचारा काचेला नाक लावून बघत होता. आता काय करू, म्हणाला.

म्हटलं, बाबा येईपर्यंत जुना लाव.