जावई हरले, धोंडे राह्यले

आष्टी,
अधिक ज्येष्ठ, २००७

चि. भुजंगास कडूबादादाचे पोटभर आशीर्वाद. झुंबरकाकूला आता नीट दिसतं का, का अजून टीव्हीला नाक लावूनच बघती? नंदाबाईचा गुडघा काय म्हणतो? तुझी शुगर कुठवर आली (खरं सांग, तिकडं पुण्यात बसून आमरस हाणत असशील)? इकडं सगळ्यांच्या तब्येती बराबर हाएत, फक्त माझं डोकं ठिकाणावर न्हाई, आणि त्याला कारण तू हाएस.

जालन्याचं तुझं व्हिडिओ गेमचं दुकान बसलं, तव्हा ती मारामारीची मशीन तू माझ्या गोठ्यात ठेवून गेल्तास, आठ दिवसांत नेतो म्हणून. तिच्यावर कोंबड्यांच्या किती पिढ्या निघाल्या. आता अधिकाचा महिना लागल्या लागल्या आमचे जावई देवानंदराव आपल्या लेकीला, बेबीनंदाला घेऊन पुरणाचे धोंडे खायला आले. ताट वाढलं, आणि रिवाजाप्रमाणं ते रुसून बसले. जावयानं रुसावं, सासऱ्यानं इचारावं, एखादी अंगठी व्हावी आणि त्यांनी घास घ्यावा, इतका साधा मामला. मी भावकीसमोर बोलून गेलो, मागाल ते देतो. तर ह्या गृहस्थानं हात धुताना कोंबडीखालची मशीन बघितल्याली. म्हणाले, कॉलेजची दोन वर्षं हिच्यापायी घालवली, आता अख्ख्या जालन्यात अशी एक सापडत न्हाई; एक डाव जिंकू द्या, मंगच धोंड्याला हात लावीन.

मंग सुरू झाले माझे हाल. कोंबडी हलवली. मशीनची दांडी निखळल्याली, तिथं खुरप्याची मूठ ठोकली. नवा रुपया ती थुंकून देती, तिला जुना जाडा रुपया लागतो. तो निघाला तुझ्या वहिनीच्या लक्ष्मीपूजनाच्या डब्यात. डाव रंगात आला की लाइट जाती, आणि जावई म्हणतात, मी जिंकतच होतो. त्यात समोर भिडू पाहिजे. अधिकात जावई म्हणजे विष्णू, त्याच्यावर सासऱ्यानं हात उचलावा कसा? म्हणून मी तुझ्या वहिनीला, द्वारकाबाईलाच उभं केलं. म्हणलं, काहीबी दाब आणि हर. तिनं भाकर थापल्यासारखे सगळे बटन एकदम बडवले, आणि तिच्या पडद्यावरच्या त्या लाल पट्टेवाल्या गड्यानं विष्णूला उताणं पाडलं. भावकी हसली. जावई आता खरंच रुसले.

तव्हापासून रोज डाव आणि रोज हार. बाकी दोन्ही वेळा पोटभर जेवतात, पण धोंड्याला हात न्हाई. ताजे धोंडे तळायचे आम्ही आणि खायचे शेजाऱ्यांनी, असं चालू हाए. महिना सरत आला. हा चुकला तर पुढं तीन वर्षं वाट बघायची, आणि तसेच परत धाडले तर पोरीनं सासरी काय तोंड दाखवावं? तू त्या मशीनचा मालक, तुला ठाऊक असंल: हरायला नेमकं कोणतं बटन दाबावं? (तुझ्या वहिनीला एकबी बटन कळत न्हाई, त्यामुळं तिला हरताबी येत न्हाई.)

तुझा,
कडूबादादा

ता.क. पत्र वाचून दाखवलं तर तुझी वहिनी चूल फुंकता फुंकता म्हणाली, "मला चांगलं हरता येतंय. पण ते जिंकले की दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन जातेत." धोंडे म्हणं शेवटच्या दिवशी खातील.

दुसरा ता.क. काल जावयानं तिला पार टेकीला आणल्तं. खेळात त्यांचा हात बसाय लागलाय. तव्हा हरायचं बटन ऱ्हाऊ दे. जिंकायचं कोणतं, ते जल्दी लिहून कळव.