मुनीमला आलेले फोन

१ फेब्रु., रवि.
सुट्टी. बेगम बाजार बंद. दिवसभर गौलीगुड्याच्या खोलीवर. मारुतीचा गुडघा सुजलाय, हळद लावून बसला. म्हणलं, जन्म मिरचीच्या गोडावनात आणि लेप हळदीचा. म्हणला, "हस हस. तुझी पाठ बोलायला लागली की मग विचारतो तुला."

संध्याकाळी टपरीवर बोजा मंचाच्या बाई आल्या. मीनलताई. पुण्याच्या, त्यांचे मालक कॉम्प्युटर कंपनीत. पन्नास किलोच्या वरचं पोतं हमालाच्या पाठीवर नको, असं त्यांचं चाललंय. आमची मिरचीची पोती किती भरतेत ते आमच्या पाठीला माहीत. बोलणं पटलं. पण माझ्यापेक्षा धा वर्षांनी मोठ्या असून मला "दादा". एवढं गोड फुकट कोण बोलतं?

मोबाईलात सगळं भरून घेतलं. नाव, गाव, दुकान, फोन, फोटो. अजून एक नंबर द्या म्हणल्या, तुमचा लागलाच नाही तर, अडचणीला. दिला. माझ्या फोनवर आकडे आले, ते पण सांगितले. सांगून झाल्यावर वाटलं, कशाला सांगितले.

मारुतीनं पण दिलं सगळं. त्याला तर अंगठा द्यायचा होता, कोणी मागितलाच नाही.

३ फेब्रु., मंगळ.
गुंटूरचा माल. खोकून खोकून जेवण गेलं नाही.
दुपारपासून फोन. कर्ज पाहिजे का. प्लॉट पाहिजे का. एक बाई तेलुगूत कायतरी बोलली आन् हसली. आधी येत नव्हते का? येत होते. पण एवढे नव्हते.
मारुतीला विचारलं, तुला येतेत का? "मला कोण करतंय बाबा, बायको बी करत नाही."
म्हणजे माझाच नंबर विकला.

५ फेब्रु., गुरु.
मंचाचा मेसेज. आपल्या पाठिंब्याबद्दल आभार. खाली निळी लिंक. दाबली नाही. पुसून टाकला. माझ्याकडचा पुसला, त्यांच्याकडचं काय.
मंचाच्या नंबरावरनं फोन पण आला. शेठ समोर उभा. फोन बंद केला तो रात्रीपर्यंत.

शेठ तसा वाईट नाही. पण मागं एक हमाल कामगार ऑफिसला जाऊन आला, तर दुसऱ्या दिवशी त्याला दुकानासमोर उभं नाही राहू दिलं. त्याच्यानंतर आख्ख्या बाजारात कोणी नाही राहू दिलं. शेठ लोक सकाळी एकमेकाच्या गादीवर चहा पितात, तिथंच ठरतं. आमचं काम जातं ते एका दुकानातलं नाही, बाजारातलं जातं. मग गाव. गावात काय आहे? परत जायचं असतं तर आलो कशाला असतो.

६ फेब्रु., शुक्र.
झालं.
यादगिरी मुनीम काट्यावर बसतो, वजन लिहितो. शेठच्या सगळ्यात जवळचा माणूस. आज मी पोतं काट्यावर टाकलं तर लिहीचना. चष्म्यावरनं बघत बसला.
"क्या रे तम्मुडू, लीडर बन गया कतें?" तेलुगूत धाकट्या भावाला तम्मुडू. लीडर झालास म्हणे, असं विचारतो.
म्हणलं, कौन बोला?
"मेरेकू सब मालूम." आन् वजन लिहिलं.
त्याच्यापुढं किती पोती नेली, कुठं टाकली, काय की.

खोलीवर येऊन मारुतीला सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला पण सकाळीच विचारलं होतं म्हणे, मीटिंगकू चल के जाते, क्या ऑटो करते? मला सांगितलं का नाहीस म्हणलं तर,
"मला वाटलं तूच बोलला."
घ्या.

८ फेब्रु., रवि.
सुलतान बाजारला मंचाच्या ऑफिसात. पुस्तकाच्या दुकानावर एक खोली. भांडायला गेलो होतो. काय काय बोलायचं ते रस्त्यानं पाठ केलेलं.
ताई एकट्याच. म्हणलं, आमची नावं तुम्ही शेठच्या मुनीमला दिली.
"नाही दादा. आम्ही कुणालाच देत नाही."
मग त्याला स्वप्न पडलं का?
लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "बघा. तुमचं आमच्याकडं एवढंच आहे." टपरीवरचा फोटो, तोंड वाकडं. नाव. गाव. दुकान. माझा नंबर. त्याच्याखाली दुसरा नंबर.
बघितला आन् पाठ केलेलं सगळं गेलं.
मुनीमचा नंबर.

आम्ही सगळे तोच देतो. दवाखान्यात तोच, बँकेत तोच, गावाकडं घरी तोच. आमचे फोन कधी रिचार्ज संपलेले, कधी काच फुटलेले. मुनीमचा कायम चालू. गावात कोणी आजारी पडलं, कोणाला पोरगं झालं, निरोप काट्यावरच येतो. दुसरा नंबर कोणी मागितला की तोंडातनं तोच निघतो, विचार करावा लागत नाही. मारुतीनं तोच दिलेला. आमच्या गोडावनातल्या ज्यानं ज्यानं नाव दिलं, त्यानं तोच दिलेला.

आणि यांनी काय केलं, मीटिंगचं सांगायला दिवसा आमचे फोन लागेनात म्हणून सगळे त्याच्यावर लावले. फोन करायला यांची एक पोरगी आहे. मारुतीदादांचा नंबर का? हौ. अमुकदादांचा का? हौ. तमुकदादांचा? हौ, बोलो. बाबा एका जाग्यावर बसून हौ हौ करत गेला आन् पूर्ण गोडावनाची नावं ऐकून घेतली. त्या पोरीला एकदा तरी वाटायला पाहिजे होतं, हा एक माणूस किती जणांचा आहे.

ताईंनी डोक्याला हात लावला. "एकच नंबर इतक्यांच्या पुढे... आम्ही बघायला हवं होतं."
म्हणलं, तुम्ही अडचणीला म्हणला होता. मीटिंग काय अडचण आहे का?
"नाही. चूक आमची आहे, दादा."
लगेच म्हणल्या. एवढ्या लगेच चूक कोण मानतं? मला ते बी खटकलं.

माझ्यासमोर मुनीमचा नंबर पुसला. सगळ्यांच्या नावापुढचा. म्हणलं, माझं तर सगळंच काढा.
"काढते. तुमचा हक्कच आहे तो. फक्त एक सांगते, कामगार ऑफिसात अर्ज जाणार आहे. तुमच्या दुकानातलं कुणीच राहिलं नाही तर त्या दुकानाचं नाव अर्जात घालता येणार नाही."
म्हणजे पोती आहेत तशीच. मारुतीचा गुडघा आहे तसाच.
म्हणलं, मग राहू द्या. मग म्हणलं, नको, काढा. मग म्हणलं, शुक्रवारी सांगतो.
त्या हसल्या नाहीत. तेवढं बरं वाटलं.

खाली रस्त्यावर आल्यावर आठवलं, त्या फोन करणाऱ्या पोरीच्या मोबाईलात पण नंबर असतील की. ते विचारायचं राहिलं. परत वर गेलो. कुलूप.
इतक्यात?

९ फेब्रु., सोम.
शेठनं आज सगळ्यांना चहा पाजला. शेठ उगं चहा पाजत नाही. एक तर जास्तीची लॉरी असती नाहीतर वाईट बातमी. लॉरी आली नाही.
मारुती दोन कप प्याला. म्हणला, "जायचंच असलं तर पिऊन जाऊ."

१० फेब्रु., मंगळ.
मुनीमनं मला त्याच्या घरी सिलिंडर चढवायला लावलं. नाही कसं म्हणणार. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तो विषयच काढीना, शेवटी मीच काढला.
मुनीमजी, शेठकू मालूम है?
"क्या मालूम?"
वोच.
"शेठ के कान अलग, मेरे कान अलग." आन् आत निघून गेला.
याचा काय अर्थ लावायचा? सांगितलं नाही? का अजून सांगितलं नाही? का सिलिंडर चढवत राहा म्हणजे सांगत नाही?
मारुती म्हणतो तो पण पहिले हमालच होता, मग काट्यावर बसला. म्हणजे आपल्यातलाच आहे, असं याचं म्हणणं. मी म्हणलं, म्हणूनच जास्त भ्यायचं. त्याला काट्यावरनं परत खाली यायचं नाही.

१२ फेब्रु., गुरु.
शिवरात्री आली, मिरचीबरोबर साबुदाणा, भगर पण. गर्दी. श्वास घ्यायला वेळ नाही.
पोतं काट्यावर टाकलं. मुनीम वजन लिहितालिहिता, मान वर न करता,
"कल शाम सात बजे मीटिंग. जगह वोच, सुलतान बाजार. सबकू बोलना बोले."
म्हणलं, कौन बोले?
"फोन आया था मेरेकू."

रविवारी माझ्या डोळ्यासमोर पुसलाय नंबर. मग फोन आला कसा? ताई खोटं बोलल्या. का त्या पोरीच्या मोबाईलात राहिला. का फोन आलाच नाही आन् हा कोण कोण जातंय ते बघायला उद्या जिन्याखाली उभा राहणार. का ह्यानंच ताईंना फोन केला. पण हा कशाला करील? त्याला काय पडलंय?
त्याला विचारलं, तुम आते क्या मुनीमजी? तर म्हणे, "चल, आगे बढ, लाईन लगी है." माझ्या मागच्याला पण तोच निरोप दिला. त्याच्या मागच्याला पण. शेठ गादीवरच होता, पेपर वाचत. त्यानं पान उलटलंच नाही.

ताईंना फोन लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. कोणाशी बोलतेत?

उद्या शुक्रवार. त्यांना काढा म्हणायचं का ठेवा म्हणायचं, ते उद्याच सांगायचंय. आन् ते सांगायला तिथंच जावं लागतं.

मारुतीनं आत्ता शर्ट धुवून दोरीवर टाकला. चांगला, लग्नातला. कशाला म्हणलं तर म्हणतो, "असाच." माझ्याकडं बघितलं नाही. उद्या जायचंय का शेठपुढं उभं राहायचंय म्हणून, काय की. एवढ्या वर्षांत ह्याच्यावर कधी संशय आला नव्हता, आज येतोय.