सात फुल्यांची गाठ

५ ऑगस्ट १९३५, चिचगड
निश्चय. येत्या पोळ्याला सगळ्या गावादेखत भैयालालचं नाक कापणार. गेल्या वर्षी माझी गाय सुटून त्याच्या धानात शिरली. त्यावर पोळ्याच्या तोरणाखाली, बैल उभे असताना, त्या हलकटानं माझ्यावर झडती, म्हणजे टोमण्याचं कवन, रचून म्हटली:
‘मास्तरनं गाठ मारली, हासून राहिली गाय,
खुंटा पुसे मास्तरले, बांधलं त काय?’
अख्खं गाव पोट धरून हसलं. मी गणिताचा मास्तर. फळ्याकडे वळलो की वर्ग अजून तेच गुणगुणतो.

९ ऑगस्ट
हत्यार सापडलं. गोंदियाच्या रद्दीवाल्याकडे विलायतेचं जुनं गणिताचं मासिक मिळालं, त्यात गाठींचं शास्त्र. दोराची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकायची. मग खरी गाठ न कापता कुणाच्या बापाला सुटत नाही. दोर स्वतःवरून जातो ती एक फुली. हलवून, ओढून कमीत कमी किती फुल्या उरतात, त्यावर गाठीची जात. तीन फुल्यांची एकच, चारची एकच, पाचच्या दोन, सहाच्या तीन, सातच्या सात. आरशात उलटी दिसणारी वेगळी धरत नाहीत. एक-दोन फुल्यांची गाठच नसते. भैयालालची अक्कल त्या वर्गातली.

१४ ऑगस्ट
सुकराम पाटलांसमोर पैज लागली. भैयालालनं माझी गाठ न कापता सोडायची. नाही सुटली तर तोरणाखाली झडती परत घ्यायची. सुटली तर ती झडती मी माझ्या तोंडानं म्हणायची. भैयालालनं विचारलं, ‘मास्तर, यंदा गाय बांधून राहिले का गाव?’ हसून घे लेका.

१९ ऑगस्ट
बायको शामकला विचारत होती, ‘काऊन जी, दावे सारे घेऊन बसले, गाय कायनं बांधू?’ तिला शास्त्र समजावलं. तर म्हणते, टोकंच नाहीत त बांधाचं कायले? शुद्ध शास्त्रात असे प्रश्न विचारत नाहीत.

२३ ऑगस्ट
सात फुल्यांतली एक निवडली. दुहेरी दोराला पाच पीळ, दोन्हीकडचे फास एकमेकांत अडकवलेले, त्याच्या दोन फुल्या. पण छापलेली गाठ जशीच्या तशी दिली तर जय मासिकाचा. म्हणून अडकवणीतली एक फुली बदलली, वरचा दोर खाली घेतला. फुल्या सातच. आता ही माझ्या नावाची, जागेश्वर गाठ. विलायतेला कळवीन. मासिकात खाली बारीक अक्षरात इशारा आहे की नुसत्या फुल्या मोजू नयेत, आधी सुटते का पाहावं. नवशिक्यांसाठी असावा.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ
टोकं विणून वर डांबर लावलं. घरोघरी बैलांचे खांदे शेकणं चालू आहे. भैयालालचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे आणून भात दोनदा घेतला. पाया पडला तरी माफ करणार नाही.

२८ ऑगस्ट, पोळा
सर्वांना दिसावी म्हणून पाटलांनी गाठ भैयालालच्या बैलाच्या शिंगावर टांगली. मी शास्त्रावर दोन शब्द बोलत होतो. बैलाला माशी चावली. त्यानं मान झटकली, एक पीळ गेला. पुन्हा झटकली, आणखी गेले. माझं भाषण संपेपर्यंत शिंगावर दोराचा साधा गोल लोंबत होता. भैयालालनं हातही लावला नव्हता.
बैल पैजेत नव्हता, हे मी निदर्शनास आणलं. पाटील म्हणाले, ‘सुटली ना मास्तर? मंग म्हणा आता.’
म्हटली. आवाज मोठा लागला, असं भैयालालसुद्धा म्हणाला.

२९ ऑगस्ट, सकाळ
कागदावर पाहिलं. ती फुली बदलल्यावर फास एकमेकांत अडकतच नाहीत, नुसते एकावर एक पडतात. मग पीळ आपोआप निघतात. खऱ्या फुल्या शून्य. मी ती बदलली नसती तर बैल जन्मभर मान झटकत बसला असता. तरी मुख्य दोष माशीचा. पुढच्या पोळ्याला भैयालालला सोडत नाही.
आज मारबत. लोक गावाची इडापीडा हाकलत वेशीकडे चालले आहेत. ‘खोकला घेऊन जा गे मारबत, खरूज घेऊन जा गे मारबत.’ मग, ‘मास्तरची गाठ घेऊन जा गे मारबत.’ दार लावून घेतलं. घोळका लांब गेला, सगळं शांत झालं.
मग तीच हाक पुन्हा एकदा आली, आमच्याच अंगणातून, बायकोच्या आवाजात.